लोकल, सॅक आणि लॅपटॉप

मुंबईच्या लोकलमधली गर्दी मोजायला रेल्वेकडे एक संज्ञा आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. तिचा हिशेब असा की, डब्यात उभे राहण्याच्या जागेत दर चौरस मीटरमागे १४ ते १६ माणसे. एक चौरस मीटर म्हणजे दहा हजार चौरस सेंटिमीटर. त्याला सोळाने भागले की एकेकाच्या वाट्याला ६२५ चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे जेमतेम वीतभर बाजूचा चौकोन. आता पाठीवरची भरलेली सॅक मोजा. रुंदी ३० सेंटिमीटर, जाडी २०. झाली ६०० चौरस सेंटिमीटर. डोंबिवलीला सकाळी आठच्या सुमारास पाठीला सॅक लावून फास्ट लोकलमध्ये शिरणारा गृहस्थ दोन माणसांची जागा अडवतो. मागून येणारे "ओ भाऊ, बॅग पुढे घ्या" हे वैतागाने म्हटलेले असते, पण गणिताने अगदी बरोबर असते.

त्या सॅकमध्ये आज बहुतेक वेळा लॅपटॉप असतो. पूर्वी कॉम्प्युटर ऑफिसच्या टेबलावर राहायचा आणि माणूस डबा-छत्री घेऊन घरी यायचा. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झाले, अनेक ठिकाणी टेबलावरची यंत्रे गेली आणि लॅपटॉप आले. पुढे ऑफिसे उघडली, पण पूर्ण नाही. काही दिवस घर, काही दिवस ऑफिस. त्यामुळे चाळीस-पन्नास हजारांचे, कधी लाखाच्या वरचे नाजूक यंत्र रोज बदलापूर, विरार, पनवेलहून गर्दीत शिरते आणि रात्री परत येते. ज्यांनी ते घडवले त्यांच्या डोळ्यांसमोर ही गर्दी कधीच नव्हती.

कोण होते त्यांच्या डोळ्यांसमोर? १९८१ मध्ये बाजारात आलेला ऑस्बोर्न १ हा सोबत नेता येणारा म्हणून विकला गेलेला पहिला यशस्वी कॉम्प्युटर. त्याचे वजन होते सुमारे ११ किलो. तो मोटारीच्या डिकीत टाकून न्यायचा, खांद्याला लावून नाही. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला. पुस्तकासारखे मिटणारे झाकण, आत पडदा, खाली कळफलक ही आज सगळ्यांना माहीत असलेली रचना त्याच्यापासून रूढ झाली. तो इतका महाग होता की मोठे अधिकारी, अमेरिकी सरकार आणि नासा हीच त्याची गिऱ्हाइके. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला, १.३६ किलोचा. तेव्हापासून सगळ्या कंपन्या पातळपणाच्या मागे लागल्या. विमानातली खुर्ची, हॉटेलचे टेबल, मोटारीची मागची सीट, फार तर युरोपातली मेट्रो. लॅपटॉपचा कल्पित मालक या जागांमध्ये वावरतो. कुर्ल्याला त्याला कुणी उतरवलेले नाही.

म्हणून लॅपटॉपच्या काळजीबद्दलचा प्रचलित सल्ला मुंबईत अर्धाच लागू पडतो. तो मुख्यतः पडण्याबद्दल आणि धक्क्यांबद्दल असतो. धक्क्यांची भीती हार्ड डिस्कच्या काळातली आहे. त्या डिस्कमध्ये फिरत्या तबकडीच्या वर काही नॅनोमीटर अंतरावर वाचणारे टोक तरंगत असे. जोराचा हिसका बसला की ते तबकडीवर आपटून माहिती जाई. २००३ मध्ये आयबीएमने आपल्या थिंकपॅडमध्ये हिसका ओळखून ते टोक बाजूला घेणारा सेन्सर बसवला होता, यावरून त्या भीतीचा अंदाज येईल. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात हलणारा भागच नाही. गाडी सांधे बदलताना कितीही खडखडली तरी तिला फरक पडत नाही.

लोकलमध्ये लॅपटॉपचा घात होतो तो दाबाने. आणि दाबाचे शास्त्र जरा समजून घेण्यासारखे आहे.

लॅपटॉपच्या पडद्यात काचेचे दोन पत्रे असतात, प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ. त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा काही मायक्रॉनचा थर. त्यामागे प्रकाश सगळीकडे सारखा पसरवणारे प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे, आणि सगळ्यात मागे झाकण. झाकण मिटले की पडदा आणि कळफलक यांच्यात उरते ती जेमतेम कागदाच्या काही पानांएवढी फट. आता समजा, गर्दीत कुणाचा वीस किलोंचा रेटा तुमच्या सॅकवर आला. गर्दीच्या मानाने हा काहीच नाही. चौदा इंची लॅपटॉपचे झाकण साधारण ३१ बाय २२ सेंटिमीटरचे, म्हणजे ६८२ चौरस सेंटिमीटर. रेटा सगळ्या झाकणावर सारखा पसरला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडतात फक्त तीस ग्रॅम. लॅपटॉपला त्याचे काही वाटत नाही. पण झाकणाला लागून चार्जरची वीट उभी असेल आणि तिचा दोन चौरस सेंटिमीटरचा कोपरा झाकणात रुतत असेल, तर तोच रेटा तेवढ्या जागेवर एकवटतो. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहा किलो. म्हणजे सुमारे ३४० पट. झाकण आत वाकते, पडदा कळांवर टेकतो. नशीब बरे असेल तर पडद्यावर कळांचे तेलकट चौकोन उमटतात. त्याहून वाईट म्हणजे मागचे पापुद्रे दबून पांढरे डाग कायमचे बसतात. आणि खरेच वाईट वेळ असेल तर झाकण उघडल्यावर कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर दिसते. अशा वेळी "मी तर पाडला नाही हो" असे दुकानदाराला सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो.

'लष्करी दर्जाचा मजबूतपणा' अशी जाहिरात पुष्कळ लॅपटॉपवर असते. ती एमआयएल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी चाचणीपद्धतीवर बेतलेली असते. पण त्या भल्या मोठ्या यादीतल्या कोणत्या चाचण्या करायच्या, हे उत्पादक आपले आपण ठरवतो. पडणे, थरथर, धूळ, दमट हवा यांतले काही त्यात येते. कल्याण-ठाणे मार्गावरचे कोपर त्यात येत नाही.

तेव्हा सॅकच्या आतली मांडणी ही सॅकच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाची. चार्जर, पॉवर बँक, माऊस, किल्ल्या, पाण्याची बाटली यांतले काहीही लॅपटॉपच्या झाकणाला टेकता कामा नये. लॅपटॉप पाठीकडच्या कप्प्यात, झाकण पाठीकडे आणि तळ बाहेरच्या बाजूला ठेवावा. तळाचा भाग झाकणापेक्षा ताठ असतो. बाहेरचा रेटा त्याने सोसलेला बरा. झाकणाला लागून एखादी पुठ्ठ्याच्या बांधणीची वही सरकवली तर ती एकवटलेला रेटा पुन्हा पसरवते. हा उपाय फुकटातला आहे आणि माझ्या मते जाड फोमच्या महागड्या कव्हरपेक्षा सरस आहे, कारण मऊ फोम कोपऱ्याखाली दबतो, पुठ्ठा दबत नाही. फोमचा उपयोग खाली आपटण्यापुरता. सॅक घेताना हात आत घालून पाहा: लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर थांबतो का? थांबत नसेल तर दर वेळी सॅक प्लॅटफॉर्मवर टेकवताना लॅपटॉपचा कोपरा जमिनीवर बसणार. हे एवढे तपासून घ्या. बाकी कप्प्यांची संख्या, यूएसबीचे भोक, चमकणाऱ्या पट्ट्या हे सगळे विकणाऱ्याच्या सोयीचे.

आता ती सॅक गाडीत ठेवायची कुठे? चढताना आणि उतरताना छातीवर, यात वाद नाही. पुढे असली की दिसते, चोराचा हात चेनवर जाताना कळतो, आणि वळताना बसलेल्यांच्या तोंडावर आपटत नाही. पण आत शिरल्यावर तासभर छातीवर ठेवणे चांगले नाही. तिथे ती दोन धडांच्या मधोमध येते आणि सगळा दाब तिच्यावर. लोकलची गर्दी नीट पाहिली तर ती खांद्यांच्या पातळीवर सगळ्यात दाट आणि गुडघ्यांच्या पातळीवर पातळ असते, कारण पाय धडापेक्षा कमी जागा घेतात. म्हणून जुने पासधारक बॅग हातात धरून गुडघ्यांशी सोडतात. त्याहून बरे म्हणजे रॅक. "जरा बॅग वर टाका" म्हटले की अनोळखी हात पुढे येतात, बॅग डोक्यांवरून सरकत रॅकवर पोचते. या शहराच्या सभ्यतेचा हा एक पुरावा आहे. फक्त लॅपटॉपची सॅक रॅकवर आडवी पडली तर तिच्यावर आणखी चार बॅगा चढतात, तेव्हा ती उभी, भिंतीला टेकवून ठेवायला सांगावी. सांगितले तर लोक ठेवतात.

रॅकचे दोन धोके आहेत. एक म्हणजे विसरणे. विसरलेले सामान परत देण्यासाठी रेल्वे सुरक्षा दलाचे 'ऑपरेशन अमानत' चालते, हेल्पलाइन १३९. गाडीची वेळ, डब्याचा क्रमांक किंवा निदान पुढून कितवा डबा, एवढे सांगता आले तर शोध सोपा होतो. दुसरा धोका असा की, ११ जुलै २००६ च्या साखळी स्फोटांनंतर मुंबईत बेवारस बॅगेकडे कुणी सहज नजरेने पाहत नाही. तुमच्या विसराळूपणाने गाडी थांबू शकते.

आणि दार. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. दारातल्या प्रवाशांच्या बॅगा एकमेकींना घासल्या असाव्यात, असे सुरुवातीला रेल्वेकडून सांगितले गेले. पुढे रुळांच्या स्थितीवरून वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. मला एवढेच दिसते की, फूटबोर्डवर उभ्या माणसाच्या पाठीवरची वीस सेंटिमीटरची सॅक त्याच्या शरीराच्या बाहेर असते आणि त्याला मागे डोळे नसतात. लोंबते पट्टे खांबाला, दुसऱ्याच्या बॅगेला अडकतात ते वेगळेच. पट्ट्यांची जादा टोके गुंडाळून रबर लावणे हे काम मिनिटाचे आहे. त्या अपघातानंतर नव्या लोकल आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या असतील, असे रेल्वेने जाहीर केले. त्या येईपर्यंत दारात उभे राहावेच लागले तर सॅक आतल्या बाजूला.

दाबाच्या खालोखाल उष्णता. झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप झोपला, ही समजूत आता पूर्वीइतकी खरी नाही. जुन्या पद्धतीत झाकण मिटले की मेमरीपुरती थोडी वीज चालू राही, बाकी सगळे बंद. विंडोजच्या नव्या पद्धतीत, तिला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात, लॅपटॉप मोबाइलसारखा अर्धवट जागा राहतो. अधूनमधून उठून मेल आणतो, अपडेट तपासतो. टेबलावर हे सोयीचे. सॅकमध्ये मात्र तो उठला आणि एखाद्या कामात गुंतून उठलेलाच राहिला, तर पंखा फिरतो, गरम हवेला बाहेर जायला वाट नाही, आणि दादरला झाकण उघडावे तर यंत्राचा चटका आणि बॅटरी निम्म्यावर. लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेइतके दुसरे काही लवकर म्हातारे करत नाही. उपाय सोपा आहे: निघताना शटडाऊन किंवा हायबरनेट. हायबरनेटमध्ये मेमरीतले सगळे एसएसडीवर लिहून ठेवले जाते आणि वीज पूर्ण तोडली जाते. पुन्हा सुरू केले की उघड्या फायली जशाच्या तशा. विंडोजमध्ये हा पर्याय बहुधा लपवलेला असतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर काय व्हावे तिथे तो एकदा लावून घ्यावा.

बॅटरीबद्दल आणखी एक सांगायचे तर ते गंभीरपणे. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट मिटेनासे झाले किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता धरावी. आतल्या रसायनांच्या विघटनाने तयार झालेला वायू तिच्या पाकिटात साठतो. अशी बॅटरी दाबली वा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. तो लॅपटॉप लोकलमध्ये न्यायचा नाही, चार्जही करायचा नाही. बंद करून सर्व्हिस सेंटरला कळवायचे.

पावसाळ्याचे प्रकरण सगळ्यांना माहीत असल्यासारखे वाटते, पण त्यातला एक भाग फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो सॅकमध्ये शिरतो तो कापडातून कमी आणि चेनमधून, शिवणीच्या सुईच्या भोकांतून जास्त. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे चार थेंब अडवणारे, जलाभेद्य नव्हे. रेनकव्हर वरून येणारे पाणी अडवते, पण पाठ आणि सॅक यांच्यामधून ओघळणारे अडवत नाही. लॅपटॉप आत एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणे हा सगळ्यात भरवशाचा उपाय. २०१८ च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीनंतर अशी पिशवी मिळणे कठीण झाले आहे, तेव्हा घरात गादीखाली आईने जपून ठेवलेली असेल तर ती मागून घ्यावी.

दोन-तीन पावसाळ्यांनंतर सॅकच्या आतल्या बाजूने पांढरट पापुद्रे सुटून लॅपटॉपला चिकटू लागतात. तो पॉलियुरेथेनचा लेप असतो, कापडाला पाणी अडवता यावे म्हणून दिलेला. दमट हवेतल्या पाण्यानेच त्याच्या रेणूंची साखळी तुटत जाते. त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. सॅक कपाटात न वापरता ठेवली तरी मुंबईत हे होतेच. लेप गेला की ती सॅक पावसासाठी निकामी झाली असे समजावे, बाहेरून कितीही नवी दिसो.

लक्षात न येणारा भाग म्हणजे दव. जुलैमध्ये मुंबईत २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो, म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर ती हवा पाणी सोडते. दिवसभर २२-२३ अंशांच्या एसी ऑफिसात राहिलेला लॅपटॉप बाहेर पडला की फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा घाम धरतो, बाहेरून आणि जाळ्यांतून हवा शिरते तिथे आतूनही. २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर आणि नंतर मध्य रेल्वेवरही धावू लागलेल्या एसी लोकलमधून उतरतानाही हेच घडते. त्यामुळे घरी पोचल्या पोचल्या लॅपटॉप काढून सुरू करण्याची घाई करू नये. बंद सॅकमध्ये तो हळूहळू गरम होतो आणि आतली थोडकी हवा थोडकेच पाणी सोडू शकते. अर्धा तास चहा होईपर्यंत थांबले तर काही बिघडत नाही.

खरेच पाणी आत गेले तर? पाण्यापेक्षा पाणी आणि वीज यांची जोडी मारते. वीज चालू असताना ओल्या सर्किटवर धातू विरघळून एका रेषेतून दुसरीकडे सरकू लागतो आणि तासाभरात गंज धरतो. म्हणून पॉवरचे बटण दाबून धरून ताबडतोब बंद करायचे, चार्जर लावायचा नाही, "चालतोय का बघू" म्हणून सुरू करायचे नाही; झाकण उघडून उलटा उभा ठेवायचा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. तांदळाच्या डब्यात पुरण्याने तांदळाचा कोंडा आत जातो, एवढेच. पावसाच्या पाण्यापेक्षा आमटी जास्त घातक, कारण तिच्यात मीठ असते. जेवणाचा डबा आणि लॅपटॉप एका कप्प्यात ठेवणाऱ्याला एक दिवस हे प्रत्यक्ष कळते. ज्या शहरात डबेवाल्यांनी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जेवण आणि माणूस वेगवेगळ्या गाडीने नेले, तिथे आता रस्सा आणि स्प्रेडशीट एकाच सॅकमधून चालले आहेत.

यंत्राचे एवढे झाल्यावर पाठीचे. लोक म्हणतात, लॅपटॉपने खांदा दुखतो. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर सॅकमधल्या वस्तू मांडून पाहाव्यात. लॅपटॉप दीड किलो. जुन्या पद्धतीचा चार्जर वायरसह ३०० ते ४०० ग्रॅम. लिटरभर पाणी एक किलो, बाटली स्टीलची असेल तर आणखी पाव किलो. भरलेला डबा पाऊण किलो. छत्री, पॉवर बँक, किल्ल्या, औषधे मिळून अर्धा-पाऊण किलो. आणि रिकामी सॅक स्वतः एक किलो. बेरीज साडेपाच किलोंच्या आसपास, त्यात लॅपटॉप तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. अडीचशे ग्रॅमनी हलक्या लॅपटॉपसाठी तीस हजार जास्त मोजणाऱ्याने स्टेशनवर उतरून बाटली भरण्याचा विचार आधी करावा. नव्या गॅलियम नायट्राइडच्या छोट्या चार्जरचे वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असते आणि यूएसबी-सी असेल तर मोबाइललाही तोच चालतो. वजन उतरवण्याचा हाही एक स्वस्त मार्ग.

मुलांच्या दप्तराचे ओझे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटले आहे. मोठ्यांसाठी असा नियम कुणी केलेला नाही. मोठ्यांच्या बाबतीत किती वजन आहे यापेक्षा ते कुठे आहे हे पाहावे. एका खांद्यावरची बॅग घसरू नये म्हणून तो खांदा नकळत उचललेला राहतो, मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू सगळा वेळ आखडलेला, आणि कणा दुसरीकडे झुकलेला. मेसेंजर पद्धतीची ती चामडी बॅग दिसते झकास, पण ती मोटारीने जाणाऱ्याची वस्तू. दोन्ही खांद्यांवरच्या सॅकमध्ये वजन कण्यापासून जितके दूर, तितका मागे ओढणारा जोर जास्त. अंतर दुप्पट, तर जोर दुप्पट. म्हणून जड वस्तू पाठीला चिकटून आणि पट्टे आवळून, सॅकचा तळ कमरेपर्यंत. कुल्ल्यांवर आपटणारी सैल सॅक ही फक्त कॉलेजच्या वयाला परवडते.

पुण्याचे गणित वेगळे. हिंजवडी, खराडीकडे दुचाकीने जाणाऱ्यांची सॅक पाठीवर असते आणि तिथे ती योग्यच आहे. स्कूटरच्या पायाशी ठेवलेली बॅग प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट घेते. पाठीवर असली तर तो आधी टायर, मग शॉकअब्सॉर्बर, मग सीट, मग माणूस असा गाळून पोचतो. पट्टे थोडे सैल करून सॅकचा तळ सीटवर टेकवला की खांद्यांवरचे वजनही जाते. मात्र घसरून पाठीवर पडलात तर सॅकमधली टणक वस्तू मणक्यावर येते, म्हणून चार्जर आणि कुलूप मधोमध नकोत. डेक्कन क्वीनने मुंबईला रोज जाणारे पुणेकर मात्र सुखी. १ जून १९३० पासून धावणाऱ्या या गाडीत बसायला जागा मिळते आणि लॅपटॉप मांडीवर उघडता येतो, शेजारचा पगाराचा तक्ता वाचत नाही ना एवढे पाहायचे. घाटातल्या बोगद्यांत मीटिंग तुटते, त्याचे दुःख कुणी फारसे करत नाही.

चोरीबद्दल थोडक्यात. गेलेला लॅपटॉप क्वचित परत येतो. त्यात असलेली माहिती जाणे हे त्याहून मोठे नुकसान असू शकते. लॉगिनचा पासवर्ड एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला जोडणाऱ्याला थांबवत नाही. थांबवते ते संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन, विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. ते चालू आहे का, हे आजच तपासा आणि त्याची रिकव्हरी की त्याच लॅपटॉपमध्ये साठवू नका. सीरियल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तक्रार लिहून घेताना पोलीस तो विचारतात. घटना कोणत्या स्टेशनच्या हद्दीत घडली हे सांगता येत नसेल तरी तक्रार कोणत्याही रेल्वे पोलीस ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घेण्याची तरतूद आहे. मेट्रोच्या एक्स-रे यंत्राची भीती मात्र सोडून द्या. त्यातून रोज गेल्याने लॅपटॉपला काही होत नाही. पट्ट्यावर मागून येणाऱ्या जड बॅगेखाली तो सापडला तर होते.

आता जे काम प्रवाशाचे नाही त्याविषयी. वर सांगितलेल्या ओझ्याचा तिसरा हिस्सा ऑफिसने मनात आणले तर उद्या उतरेल. टेबलापाशी कायमचा दुसरा चार्जर, रात्री लॅपटॉप ठेवता येईल असे कुलपाचे कपाट आणि ज्याला घरी कॉम्प्युटर आहे त्याला सुरक्षित मार्गाने त्यावरून काम करण्याची मुभा, या तिन्हींचा खर्च एका फुटलेल्या पडद्याच्या आसपास येतो. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये सीएसएमटीच्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या दोन वेगळ्या वेळा ठरवल्या आणि इतर आस्थापनांनाही तसे करण्याची विनंती केली होती. ती मनावर घेणारी ऑफिसे अजून थोडीच आहेत. तुमच्या ऑफिसात दुसरा चार्जर नसेल तर जूनआधी मागा, आणि तोंडी नव्हे, मेलवर मागा.